यशाचे पुस्तक कुठे संपते?

कार्तिकात कौंडण्यपूरला यात्रा भरते. वर्धा नदीच्या काठावरचे, तिवसा तालुक्यातले हे गाव एरवी शांत असते. विदर्भराज भीमकाची ही राजधानी, म्हणजे रुक्मिणीचे माहेर, ही श्रद्धा साऱ्या वऱ्हाडाची आहे. आषाढीला रुक्मिणीची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. यात्रेच्या दिवसांत मात्र देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने लागतात. बांगड्या, रेवड्या, चिवडा, प्लॅस्टिकची खेळणी, देवांच्या तसबिरी, आणि एखादे तरी पोथ्यांचे दुकान. पोथ्यांच्या दुकानात एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हटकून असते. मुलीचे लग्न जमावे म्हणून या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, आणि रुक्मिणीच्या माहेरी ही पोथी विकत घेण्यात भाविकांना वेगळेच समाधान वाटत असावे.

मागे एका यात्रेला मी गेलो असताना बरोबर आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी होता. मराठी विषय घेऊन एम. ए. करणारा, शेतकऱ्याचा मुलगा, वाचनाची खरी आवड असलेला. त्या दुकानात ‘रुक्मिणीस्वयंवर’, ‘गजाननविजय’ आणि हनुमानचालिसा यांच्या शेजारी दुसरीही एक चळत होती : श्रीमंत कसे व्हावे, शून्यातून विश्व कसे उभारावे, यशस्वी उद्योजकाचे अमुक मंत्र. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही चळती चाळल्या आणि दुसरीतले एक पुस्तक विकत घेतले. मी काही बोललो नाही. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे. तो जरा ओशाळून म्हणाला, “सर, हे कामाचं पुस्तक हाय.”

हे वाक्य मला बरेच दिवस छळत राहिले. त्याने खरेदी केलेल्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नव्हती. आपण साहित्याचे अध्यापक ज्या पुस्तकांना पुस्तकेच मानत नाही, त्यांना आपले विद्यार्थी ‘कामाची’ म्हणतात, आणि आपण वर्गात जी शिकवतो ती अर्थातच बिनकामाची ठरतात, हे त्या वाक्याने उघडपणे सांगून टाकले होते. यावर नाक मुरडून मोकळे होण्याचा मार्ग आहे, आणि तो आपण बहुतेक सारे पत्करतो. मला तो आता पटेनासा झाला आहे. ही पुस्तके लाखांनी खपतात. आपले विद्यार्थी ती रात्र रात्र वाचतात, त्यांतल्या वाक्यांखाली रेघा मारतात, आणि त्यांच्या आधारे कर्ज काढण्यासारखे निर्णयही घेतात. ज्या मजकुराचा वाचकाच्या आयुष्यावर एवढा परिणाम होतो, त्याचे वाचन कसे करावे हे शिकवणे आपले काम नाही, तर मग कोणाचे?

प्रथम या लेखनप्रकाराची घडण पाहू. ती आपल्या परिचयाची आहे. नायकाचे बालपण बहुधा हलाखीत किंवा चाकोरीत गेलेले असते. एखादा अपमान होतो, किंवा एखादी कल्पना सुचते. घरचे विरोध करतात, बँक दारात उभी करत नाही. नायक हट्टाने पुढे जातो, एकदा आपटतो, पुन्हा उठतो आणि यशस्वी होतो. शेवटी या प्रवासातून निघालेले पाच, सात किंवा दहा धडे दिलेले असतात आणि ते पाळले तर वाचकालाही असेच यश मिळेल, असे आश्वासन असते. या शेवटच्या भागाला आपल्या परंपरेत एक नेमका शब्द आहे : फलश्रुती. स्तोत्र किंवा पोथी संपताना जे सांगितले जाते – हे जो भक्तिभावाने वाचील त्याला पुत्र, धन, आरोग्य लाभेल – तेच इथे आधुनिक भाषेत सांगितलेले असते. कौंडण्यपूरच्या दुकानात त्या दोन चळती शेजारी शेजारी होत्या, याचे नवल वाटायला नको. गिऱ्हाईक दोन्हीकडे फलश्रुतीसाठीच येत होते.

फरक एवढाच की, पोथीत फलश्रुती शेवटच्या काही ओव्यांपुरती असते. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचणाऱ्याला लग्न जमण्याची आशा असेलही. पण ते वाचताना त्याच्या कानावरून एक थोर काव्य आणि त्यातला जीव-शिवाच्या मीलनाचा अर्थ जातोच. फलश्रुतीकरता आलेला वाचक ग्रंथ घेऊन जातो. यशाच्या पुस्तकांत पुष्कळदा ग्रंथच नसतो, सगळीच फलश्रुती असते. परंतु सगळ्याच पुस्तकांबद्दल असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून यांतले एक चांगले पुस्तक घेऊन विचार करणे बरे.

किशोर बियाणी यांचे ‘इट हॅपन्ड इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दीपायन बैश्य हे त्याचे सहलेखक. किंमत अवघी ९९ रुपये ठेवली होती आणि ते प्रचंड खपले. बियाणी यांचा जन्म मुंबईतला. घराणे राजस्थानातून येऊन मुंबईत कापडाचा व्यापार करणारे. १९८७ मध्ये त्यांनी तयार पँटींची कंपनी काढली, १९९७ मध्ये कोलकात्यात ‘पँटलून्स’चे मोठे दुकान उघडले आणि २००१ मध्ये कोलकाता, हैदराबाद व बंगळूर येथे ‘बिग बझार’ सुरू केले. पुढच्या सहा-सात वर्षांत भारतातला किरकोळ व्यापाराचा सर्वांत मोठा उद्योजक म्हणून त्यांचे नाव झाले. पुस्तक याच टप्प्यावर आले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक वाचावे, असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण त्यातले धडे नव्हेत. या माणसाला पाहता येते, हे त्याचे कारण. परदेशी धर्तीची शांत, चकचकीत, रुंद वाटांची दुकाने आपल्याकडे का चालत नाहीत, याचा शोध त्यांनी कागदावर न घेता बाजारात उभे राहून घेतला. चेन्नईच्या त्यागरायनगरातले ‘सरवणा स्टोअर्स’ हे गर्दीने ओसंडणारे दुकान त्यांनी पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की, आपल्या माणसाला गर्दीचा त्रास होत नाही. गर्दी ही त्याला मालाच्या खरेपणाची साक्ष वाटते. ज्या दुकानात कोणीच नाही तिथे शिरायला तो बिचकतो. म्हणून ‘बिग बझार’मध्ये वाटा मुद्दाम अरुंद ठेवल्या गेल्या, माल ढिगाने मांडला गेला, धान्य हातात घेऊन पाहण्याची सोय झाली. अव्यवस्था हीच तिथली व्यवस्था होती.

कौंडण्यपूरच्या यात्रेत ज्याने एकदा तरी धक्के खाल्ले आहेत, त्याला हे वाचताना हसू येईल. बियाणींनी केले ते एवढेच की, जत्रेवर छप्पर घातले आणि तिला वातानुकूलित केले. आठवड्यातल्या ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी असते त्या बुधवारी त्यांनी स्वस्ताईचा दिवस ठरवला. हा आपला आठवडी बाजारच. जुने कपडे, रद्दी, भंगार आणा आणि खरेदीची कुपने घेऊन जा, ही त्यांची योजना म्हणजे जुन्या लुगड्यांवर भांडी देणाऱ्या दारावरच्या बाईचाच व्यवहार. २६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हा एवढी झुंबड उडाली की दुकानांची दारे बंद करण्याची पाळी आली. जत्रेचे सगळे गुण घेतले म्हटल्यावर चेंगराचेंगरीचे भयही ओघाने आले.

याहून महत्त्वाचे त्या पुस्तकातले एक वर्गीकरण आहे. बियाणी देशाचे तीन भाग करतात. पहिला खर्च करणाऱ्यांचा. दुसरा या पहिल्यांची सेवा करणाऱ्यांचा, म्हणजे वाहनचालक, घरकाम करणाऱ्या बाया, शिपाई, कारागीर. आणि तिसरा जेमतेम जगणाऱ्यांचा. मोठ्या दुकानांनी पहिल्यालाच गिऱ्हाईक मानले, मी दुसऱ्यासाठीही दार उघडले, असे त्यांचे म्हणणे. काचेच्या दारापाशी थबकणाऱ्या, आपल्या चपलांकडे पाहून मागे फिरणाऱ्या माणसाचे मन त्यांनी ओळखले होते. अशी नजर कादंबरीकाराला लागते. आपल्या ग्रामीण कथेने दुकानदार बहुधा एकाच साच्यात रंगवला – गादीवर बसलेला, तराजूची दांडी मारणारा, गरिबाला नाडणारा. तो खोटा होता असे नाही. पण गल्ल्यामागे बसलेला माणूस दिवसभर माणसेच वाचत असतो, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची मुलगी माहेरी परत आली, हे त्याला सामानाच्या यादीवरून कळते. ही बाजू आपल्या साहित्यात फारशी आली नाही. ती उणीव अशा पुस्तकांतून थोडी भरून निघते.

आता तिसऱ्या भागाकडे येऊ. जेमतेम जगणाऱ्यांचा हा भारत त्या पुस्तकात नोंदवला जातो आणि तिथेच राहतो. तो गिऱ्हाईक नसल्यामुळे कथेत पुढे त्याला काम नाही. दुकानदाराने लिहिलेल्या पुस्तकात हे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु वऱ्हाडातला कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी नेमका याच तिसऱ्या भागात मोडतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा कौंडण्यपूरच्या यात्रेतून असे पुस्तक घरी नेतो आणि स्वतःला नायकाच्या जागी ठेवून वाचतो. पुस्तकात आपली जागा कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्या पुस्तकानंतरची कथा आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. विस्तार वेगाने चालू राहिला आणि तो मोठ्या प्रमाणात कर्जावर होता. २०१२ मध्ये बियाणींना ‘पँटलून्स’ हे आपले पहिलेवहिले अपत्य आदित्य बिर्ला समूहाच्या हाती सोपवावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद, भाडे आणि व्याज चालू, अशी अवस्था आली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये २४,७१३ कोटी रुपयांना व्यवसाय रिलायन्सला विकण्याचा करार जाहीर झाला; त्याला समूहातल्या एका कंपनीत आधी गुंतवणूक केलेल्या अॅमेझॉनने हरकत घेतली आणि प्रकरण लवादात व न्यायालयांत गेले. दरम्यान भाडे थकलेल्या शेकडो जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. एप्रिलमध्ये धनकोंनी विरोधी कौल दिल्यावर तो करारही मोडला. जुलै २०२२ मध्ये ‘फ्यूचर रिटेल’ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

यात कोणाची खिल्ली उडवण्याचा हेतू नाही. महासाथ कोणाच्या हातात नव्हती, आणि हजारो माणसांना रोजगार देणारी दुकाने बुडणे ही आनंदाची गोष्ट नव्हे. माझा मुद्दा वाचनाचा आहे. २००७ च्या पुस्तकात वेग हा गुण आहे. झटपट निर्णय घ्या, जागा मिळाली की दुकान उघडा, हिशेब जुळण्याची वाट पाहू नका, हा त्याचा सूर आहे. आणि त्या वर्षी तो सूर खरा वाटत होता, कारण त्याच्या पाठीशी यश होते. २०२२ नंतर तेच प्रसंग वाचले तर तोच वेग अनर्थाची पूर्वसूचना वाटतो. एक अक्षरही न बदलता पुस्तकाचा अर्थ बदलला. ज्याला आपण धडा समजत होतो तो त्या माणसाचा स्वभाव होता. काळ अनुकूल असताना त्याचे नाव धाडस पडले, प्रतिकूल झाल्यावर उतावळेपणा. यशकथा कुठे थांबवायची हे लेखक ठरवतो आणि तो ती शिखरावरच थांबवतो, कारण प्रकाशक त्याच्याकडे तेव्हाच आलेला असतो.

याच काळात मुंबईत दुसरी एक कथा घडत होती. १९४८ मध्ये नायगावातल्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ हे ग्राहकांचे सहकारी भांडार सुरू झाले. कामगाराला चोख मापात, वाजवी भावात किराणा मिळावा, एवढाच त्यामागचा उद्देश. पुढे अनेक वर्षांनी शेअरबाजारातले एक मुरलेले गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी नवी मुंबईत नेरूळला याच ‘अपना बाजार’ची शाखा चालवायला घेतली आणि किराण्याचा धंदा आतून पाहिला. २००२ मध्ये पवईला त्यांनी ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान उघडले. जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव कमी करून घ्यायचा, पहिली दुकाने नीट चालू लागल्याशिवाय पुढची काढायची नाहीत, अशी त्यांची रीत. पहिली काही वर्षे दुकानांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. २०१७ मध्ये त्यांच्या कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा लोकांना या माणसाची नव्याने ओळख झाली.

दमाणी यांनी पुस्तक लिहिले नाही. ते मुलाखतीही क्वचितच देतात. आता विचार करा : २००७ साली आमच्या विद्यार्थ्याच्या हाती धडे कोणाचे पडले असते? ज्याने लिहिले त्याचे. ज्याने न बोलता दुकान चालवले त्याचे धडे ग्रंथालयात नव्हते. म्हणून उद्याच दमाणींना आदर्श ठरवून त्यांच्यावर सात मंत्रांचे पुस्तक काढावे, असे मात्र नाही. त्यांचीही कथा संपलेली नाही. सांगायचे ते इतकेच की, यशाविषयीचे आपले ज्ञान यशस्वी लोकांपैकी बोलक्या लोकांनी, त्यांच्या भरभराटीच्या काळात लिहिलेले आहे. ज्यांनी तेच केले आणि जे बुडाले, त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. हट्टाने कर्ज काढून दुकान टाकणारे शंभर असतील, त्यांतल्या एकाचे चरित्र आपण वाचतो आणि हट्टाला यशाचे कारण समजतो.

बुडालेल्या दुकानदाराने लिहिलेच नाही, हे विधान मराठीपुरते तरी खोटे आहे. मराठीतला सर्वांत मोठा कवी हा बुडालेला दुकानदार आहे. देहूच्या पेठेत तुकोबांच्या घराण्याची महाजनकी होती, वाणीपणाचा धंदा होता, देणेघेणे होते. सतराव्या शतकातल्या, १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने ते सारे होत्याचे नव्हते झाले. दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, लोकांत मान राहिला नाही; हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मपर अभंगांत सांगितले आहे, काहीही न लपवता. इथे धडे नाहीत, फलश्रुती नाही. आपण दिवाळखोर झालो याची लाज जशी वाटली तशी नोंदवलेली आहे. आणि पुढे त्यांच्या साऱ्या कवितेत बाजार राहिलाच : मुद्दल आणि व्याज, माप आणि तराजू, खरे नाणे आणि खोटे नाणे, पारखी आणि गिऱ्हाईक. गेलेल्या दुकानाची भाषा त्यांनी टाकून दिली नाही; ती अधिक मोठ्या हिशेबासाठी वापरली.

महिपतींनी अठराव्या शतकात सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात कर्जखतांचा प्रसंग आहे. घराण्याची येणी ज्या कागदांवर होती त्यांची तुकोबांनी वाटणी केली, धाकट्या भावाचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. आपण हा प्रसंग वैराग्याचा म्हणून शिकवतो. एकदा तो दुकानदाराचा म्हणूनही वाचावा. दुष्काळात ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याकडून वसुली करायची नाही, हा निर्णय घेणारा माणूस भावाच्या वाट्याला हात लावत नाही. दुसऱ्याच्या पैशाने उदार होता येत नाही, हे भान त्यात आहे. यशाच्या कोणत्या पुस्तकात मी याच्याइतका स्वच्छ व्यवहार वाचलेला नाही.

वऱ्हाडाला तर उधारीची दुसरी बाजू अधिक ओळखीची आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामांकडे वाढले. मामांची जमीन सावकाराने कागदाच्या जोरावर गिळली. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने काय होते, हे त्या मुलाने पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांच्या कीर्तनात कर्ज काढून सण करू नका आणि मुलांना शिकवा, या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. बाजारातल्या मापाचीही कथा फार वेगळी नव्हती. कापूस आणि धान्य यांचा व्यवहार सरळ व्हावा म्हणून वऱ्हाडात १८९७ मध्येच बाजाराचा कायदा करावा लागला होता. एकच वही गावाचा विश्वासही धरून ठेवते आणि गावाचा गळाही आवळते. आमच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. त्याच्या वर्गांत बसणाऱ्या मुलाने कर्ज काढण्याची महती वाचताना दापुऱ्याची ही गोष्टही शेजारी ठेवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट कौंडण्यपूरच्या निमित्ताने आठवते. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्रकवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले आणि ते देवगिरीच्या दरबारात म्हणून दाखवले. महानुभाव परंपरा सांगते की, रामदेवराव यादवाला ते इतके आवडले की, हा ग्रंथ माझ्या नावे कर, प्रत्येक ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. असे केल्याने कविकुळाला कमीपणा येईल, असे त्याचे उत्तर होते. राजाजवळ राज्य होते, तरी कर्ता म्हणून नाव त्याला हवे होते. आज उद्योगपतींची जी आत्मचरित्रे निघतात त्यांतली कितीतरी पडद्याआडच्या लेखकाने लिहिलेली असतात आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते. रामदेवरावाचा सौदा आता बिनबोभाट पार पडतो. बियाणींच्या पुस्तकावर सहलेखकाचे नाव स्वच्छ छापलेले आहे, हे या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ज्या पुस्तकांवर ते नसते, त्यांतला ‘मी’ कोणाचा, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. उद्योजकता, व्यक्तिमत्त्वविकास अशा नावांचे अभ्यासक्रम आता सर्वत्र आले आहेत. त्यांकडे पाठ फिरवण्याऐवजी मराठी विभागांनी यांतले एखादे पुस्तक आत्मचरित्राच्या पत्रिकेत तुकोबांच्या आत्मपर अभंगांच्या शेजारी लावावे. दोन्ही दुकानदारांचीच लेखने आहेत. विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत. हे लिहिले कोणी? कथा कोणत्या क्षणी थांबवली आणि त्यानंतर काय झाले? यातल्या यशाची किंमत कोणी मोजली – पुरवठादाराने, कामगाराने, धनकोने की कोणीच नाही? आणि फलश्रुती वगळली तर हाती काय उरते? जे पुस्तक या प्रश्नांना उतरेल ते अभ्यासाला योग्य. जे उतरणार नाही त्याची निंदा करत बसण्याचे कारण नाही. ते आपोआप खाली ठेवले जाईल.

हा आग्रह धरण्यामागचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. यशाचे पुस्तक उघडपणे म्हणत नाही, पण सुचवते की अपयश हा चारित्र्याचा दोष आहे. तू पुरेसे झपाटून काम केले नाहीस, पुरेशी मोठी स्वप्ने पाहिली नाहीस. ज्या प्रदेशात पाऊस, भाव आणि बँक यांपैकी एकही गोष्ट माणसाच्या हातात नाही, आणि जिथे कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी लोक सवयीने वाचू लागले आहेत, तिथे हे सुचवणे निरुपद्रवी नाही. माझ्याच ओळखीच्या एका तरुणाने तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात मोबाइलचे दुकान टाकले, दीड-दोन वर्षांत ते बंद पडले आणि मग तो कित्येक महिने कोणाला तोंड दाखवेना. दुकान बुडाल्याचे दुःख समजण्यासारखे होते. आपण माणूस म्हणूनच नालायक ठरलो, हे त्याला त्या पुस्तकांनी शिकवले होते. त्याला तेव्हा तुकोबांचे ते अभंग कोणी वाचायला दिले नाहीत. मीही नाही.

त्या यात्रेत परतताना आम्ही बांगड्यांच्या एका दुकानापाशी थांबलो होतो. दुकान चालवणारी आजी सत्तरीच्या पलीकडची असावी. यात्रांमागून यात्रा करत तिचे आयुष्य गेले होते. एका मुलीच्या हातात बसवताना दोन बांगड्या फुटल्या, त्यांचे पैसे तिने धरले नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने सहज विचारले, “आजी, असं केलं त धंदा कसा परवडते?” आजी म्हणाली, “बापू, मले पुढल्या कार्तिकातबी इथंच या लागते.”

विद्यार्थी त्यावर काही बोलला नाही. हल्ली तो दुकान टाकण्याच्या विचारात आहे. माझे मत त्याने विचारले तेव्हा मी त्याला सांगितले की, दुकान जरूर टाक. मात्र कर्ज काढण्यापूर्वी तुझे ते कामाचे पुस्तक घेऊन ये, आपण दोघे मिळून ते शेवटच्या पानापर्यंत वाचू, आणि त्याच्या पुढचेही.